चपला काढून दिलेलं रेटिंग

सिनेमा संपून दिवे लागायच्या आत आमच्या ग्रुपवर रेटिंग येतं: 'पाचपैकी तीन.' मीही तेच करतो. पण स्टार नव्हते तेव्हा प्रेक्षक मत कसं देत असतील?

उत्तर आमच्या नाशिकातच सापडतं. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला मुंबईत लागला. त्यानंतर त्यांनी सगळं बिऱ्हाड नाशिकला हलवलं. १९१७चा 'लंकादहन' इथलाच. त्यात राम आणि सीता, दोन्ही अण्णा साळुंकेच! तरी पडद्यावर राम आला की लोक चपला काढून हात जोडत, असं सांगतात. हे त्यांचं रेटिंग.

त्याआधीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. बायकांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहणं तेव्हा मोठं धाडस होतं. मला तो सिनेमा बघायचाय, पण आज तो उपलब्धच नाही. 'लंकादहन'चेही तुकडेच उरलेत. रीळं गेली, चपलांची गोष्ट मात्र टिकली.

ऑफिसात मी डेटा साठवणारा कोड लिहितो. 'तीन' हा आकडा साठवायला सोपा, पण शंभर वर्षांनी त्यातून कुणाला काय कळणार? म्हणून हल्ली मी आकड्यासोबत एक ओळ लिहितो: कुठल्या सीनला थेटर गप्प झालं, शेजारच्या आजींनी कधी डोळे पुसले.

ग्रुपवर हसतात. हसू देत.