संख्यात्मक सादृशीकरण : उष्णता, प्रवाह व स्थायू यामिकी

उष्णतेचे संक्रमण, द्रायूंचा प्रवाह आणि घन पदार्थांतील ताण यांची आंशिक अवकल समीकरणे संगणकावर आसन्न रीतीने सोडविण्याची तंत्रे. क्षेत्राचे लहान भाग पाडून प्रत्येकासाठी बैजिक समीकरणे मांडतात. स्थायू यामिकीत फायनाइट एलिमेंट पद्धत रुळली. प्रवाहासाठी नियंत्रण-घनफळ पद्धत अधिक वापरतात, कारण तीत प्रत्येक कप्प्यात वस्तुमान व ऊर्जा यांचा ताळा जुळतो.

प्रवाहातील खरी अडचण दाबाची. असंपीड्य प्रवाहात दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नसते. यावरचा तोडगा पुण्यात जन्मलेले सुहास पाटणकर आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील ब्रायन स्पॉल्डिंग यांनी १९७२ मध्ये ‘सिंपल’ या नावाने प्रसिद्ध केला. त्यात दाब अंदाजाने धरून वेग काढतात. वस्तुमान जुळले नाही, तर त्या तफावतीवरून दाब व वेग सुधारतात आणि उत्तर स्थिरावेपर्यंत फेऱ्या चालू ठेवतात. (फेऱ्या भरकटू नयेत म्हणून दाबाची दुरुस्ती मुद्दाम अंशतःच लावतात.) पुणे अभियांत्रिकी महाविद्यालय व आयआयटी मुंबई येथे शिकलेले पाटणकर पुढे मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे १९८० चे पाठ्यपुस्तक गणिती डामडौल टाळते, म्हणून नवशिक्यांना आजही सोयीचे वाटते. फ्लुएंट व ओपनफोम या प्रणालींत ‘सिंपल’ उपलब्ध आहे.