दुष्काळाचा पैसा कोठून आणि आधी कोणाला?

हवामानबदल म्हटला की डोळ्यांपुढे समुद्र आणि वादळे येतात. हिंगोलीत तो पावसाच्या खंडातून येतो. खंड लांबला की सोयाबीन माना टाकते, हे सेनगावच्या शेतकऱ्याला सांगायला नको. अडचण पुढची आहे. पाणी अडवायला पैसा आणायचा कोठून आणि आधी कोणत्या गावाला द्यायचा?

१९७२ च्या दुष्काळात हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. मराठवाड्यातली माणसे तेव्हा खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामांवर गेली. मागेल त्याला काम मिळावे, हा आग्रह विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी धरला होता. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरांतल्या पगारदारांकडून तो कापायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि पैसा रोजगार हमीला द्यायचा. हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कर आजही पगारातून कापला जातो. तो कशासाठी सुरू झाला, हे भरणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे! या योजनेचे मला मोठे वाटते ते हे, की मजुराला आधी खिशात पैसा असावा लागत नव्हता.

पुढे वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जेवढा मागे, तेवढा त्याचा अनुशेष. राज्याचा एकूण आकडा सुमारे ३,१८७ कोटींचा निघाला, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटींचा. मोजमाप चोख होते, पण एकक जिल्हा होते. जायकवाडीच्या कालव्यांचे पाथरी आणि सेनगाव-औंढ्याचे माळरान एकाच परभणीच्या सरासरीत बसले. सिद्धेश्वर धरण औंढा तालुक्यात, पण पूर्णेचे कालवे खाली वसमत, परभणी, नांदेडकडे जातात. उंचावरच्या गावांना धरण दिसते, पाणी मिळत नाही. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, म्हणजे मोजणीनंतर पंधरा वर्षांनी.

२०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, बोलीत 'पोकरा', सुरू झाला. सुमारे ४,००० कोटींच्या या प्रकल्पाला जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलरचे कर्ज होते. पंधरा जिल्ह्यांत हिंगोलीही होता. या वेळी एकक गाव आणि पाणलोट ठरले, हवामानाचा धोका पाहून गावे निवडली गेली. दांडेकरांच्या काळात न झालेले काम ते हेच. २०२४ मध्ये दुसऱ्या टप्प्याला मान्यता मिळाली.

पण वैयक्तिक लाभाच्या कामांत एक अट राहिली. ठिबक असो वा शेततळे, खर्च शेतकऱ्याने आधी करायचा. अनुदान नंतर बँक खात्यात येणार. गाव निवडले गेले, तरी त्या गावातला दोन एकरांचा धनी ही सुरुवातीची रक्कम सावकाराकडून आणतो किंवा अर्जच करत नाही.