जुन्या आवृत्तीचा कैवार

फोटोंच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती न मागता आली, पटली नाही, म्हणून काढून टाकली आणि जुनीच पुन्हा बसवली, असं कुणी सांगितलं की ऐकणारे त्याच्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहतात. हा गृहस्थ आता थकला, असा त्या पाहण्याचा अर्थ. बदलाला भ्यालेला, सवयीला चिकटलेला. चार दिवस कळ काढली असती तर हात बसला असता. हे मत इतकं रुळलेलं आहे की त्याचं समर्थन करण्याची गरजही कुणाला वाटत नाही. मला ते चुकीचं वाटतं. पण खोडून काढण्याआधी त्याची बाजू नीट मांडायला हवी. पूर्वपक्ष मुद्दाम लुळा करून मांडला तर खंडनालाही किंमत राहत नाही.

पूर्वपक्ष असा आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे असंख्य लोकांच्या वापराची माहिती असते. एकट्यादुकट्याच्या कुरकुरीपेक्षा ती भरवशाची. जुनी आवृत्ती असुरक्षित असते, नवे कॅमेरे तिला ओळखता येत नाहीत, आणि मागं जाताना मधल्या काळातलं काम बुडतं. हे सगळं वजा केलं तर परतणाऱ्याच्या हातात उरते फक्त सवय, आणि सवय काय, मोडते तशी लागतेही.

यातला वापराच्या माहितीचा मुद्दा तपासायला ऑक्टोबर २०१५ इतका सोयीचा महिना सापडणार नाही. ॲडोबी कंपनीनं तेव्हा लाइटरूम या आपल्या फोटोंच्या सॉफ्टवेअरची ६.२ ही आवृत्ती आणली. वर्गणीदारांसाठी तिचा क्रमांक २०१५.२ होता. आकडा किरकोळ दुरुस्तीचा, पण बदल मात्र ऐन उंबरठ्यावर केलेला. कार्डावरचे फोटो संगणकात घेण्याची 'इम्पोर्ट'ची खिडकीच नव्यानं घडवलेली होती. मोठमोठे चौकोन, कमी बटणं, बरेच पर्याय एका सेटिंगमागं झाकलेले. आणि काही गोष्टी झाकलेल्या नव्हेत, काढूनच टाकलेल्या. फोटो उतरवून झाले की कार्ड आपोआप 'इजेक्ट' व्हायचं, ते बंद झालं. फाइलची नक्कल न करता ती मूळ जागेवरून हलवण्याचा 'मूव्ह'चा पर्याय गेला. वर आवृत्ती वारंवार कोसळत होती. त्याच महिन्यात लाइटरूमचं काम पाहणारे टॉम हॉगर्टी यांनी जाहीर माफी मागितली. खुलासा असा की नव्या गिऱ्हाइकाला इम्पोर्टची जुनी खिडकी बिचकवते असं कंपनीच्या पाहणीत दिसलं होतं, म्हणून ती सोपी केली आणि अगदी कमी वापरल्या जाणाऱ्या सोयी काढल्या. कंपनीनं आधीच्या ६.१.१ वर परत कसं जायचं याची कृतीही दिली, आणि नोव्हेंबरमधल्या ६.३ मध्ये जुनी खिडकी जशीच्या तशी परत बसवली.

आता पाहा. ज्यांनी ऑक्टोबरमध्ये ६.२ काढून टाकली, ते सवयीचे गुलाम होते असं म्हणायचं असेल तर मग खुद्द ॲडोबीही त्याच रांगेत उभी आहे. तिनंही दीड महिन्याच्या आत तेच केलं.

पण केवळ कंपनीनं हार मानली एवढ्यानं माझा मुद्दा सिद्ध होत नाही. गर्दीच्या ओरड्यापुढंही कंपन्या झुकतात. खरी चूक आकडे वाचण्यात होती. एखादी सोय किती जण वापरतात आणि ती वापरणाऱ्याचं तिच्यावाचून किती अडतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड आपोआप बाहेर काढण्याची सोय घरगुती वापरणाऱ्याला वर्षातून दोनदा लागेल. लग्नसराईत रात्री परत येऊन एकामागून एक कार्डं रिकामी करणाऱ्याला ती दर कार्डाला लागते, आणि झोपेनं डोळे मिटत असताना कार्ड नीट बंद न करता ओढून काढण्याचा धोका त्यालाच असतो. मोजणीत दोघं सारखेच, एक आणि एक. शिवाय कंपनीची पाहणी मुख्यतः अजून न आलेल्या किंवा नुकत्याच आलेल्या गिऱ्हाइकासाठी होती. नवख्यासाठी दार रुंद करणं यात गैर काही नाही; आत राहणाऱ्याची खोली त्यासाठी पाडायची का, एवढाच वाद होता. आकड्यांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं, कारण तो प्रश्न आकड्यांना विचारलाच नव्हता.

आता सवयीचा मुद्दा. तो मला सर्वांत कच्चा वाटतो, आणि गंमत म्हणजे लोक सर्वांत जास्त भर त्याच्यावर देतात. फोटोंचं सॉफ्टवेअर हे कॅल्क्युलेटरसारखं नुसतं अवजार असतं तर तो पटला असता. पण लाइटरूममध्ये मूळ फोटोला हात लागत नाही. कॅमेऱ्यातून आलेली रॉ फाइल तशीच राहते. तिच्यावर काय करायचं याच्या सूचना, म्हणजे उजेड किती, रंग कसा, कापायचं कुठं, तारे किती, कीवर्ड कोणते, हे सारं कॅटलॉग नावाच्या एका डेटाबेसमध्ये साठतं. वर्षानुवर्षं बसून हजारो फोटो निवडणारा, नाकारणारा, नावं देणारा माणूस तिथं आपली पारख साठवत असतो. आवृत्ती बदलते तेव्हा ही पारख वाचणारं यंत्र बदलतं. ते नीट वाचतं आहे की नाही हे तपासण्याचा आणि वाचत नसेल तर जुन्या वाचकाकडे जाण्याचा हक्क माणसाला हवा. याला भित्रेपणा म्हणणं म्हणजे स्वतःची वही परत मागणाऱ्याला हट्टी म्हणण्यासारखं आहे.

आणि हे कंपनीलाही मान्य आहे. पुरावा तिच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, फक्त तिकडे फार जण पाहत नाहीत. लाइटरूममध्ये 'प्रोसेस व्हर्जन' नावाची सोय आहे. सूचनांचं चित्र कसं घडवायचं याची पद्धत लाइटरूम ३ बरोबर २०१० मध्ये बदलली, लाइटरूम ४ बरोबर २०१२ मध्ये पुन्हा बदलली. २०१२ च्या पद्धतीत 'रिकव्हरी' आणि 'फिल लाइट' ही सरकपट्ट्यांची जोडी गेली. 'हायलाइट्स', 'शॅडोज' वगैरे आल्या. पण २००८ मध्ये जुन्या पद्धतीनं सुधारलेला फोटो आजच्या लाइटरूम क्लासिकमध्ये उघडा. तो जुन्याच पद्धतीनं दिसतो, आणि फिल लाइटची पट्टीही त्याच्यासोबत हजर होते. तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय तो फोटो नव्या पद्धतीत जात नाही. म्हणजे फोटोच्या बाबतीत कंपनीनं उत्तम न्याय केला आहे: जुनं जसं होतं तसं राहील, नवं हवं तर घ्या. हाच न्याय फोटोग्राफरच्या हाताला लावायला सांगितलं की मात्र तो प्रगतीच्या आड येणारा ठरतो.

सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. चित्राची फाइल निरुपद्रवी असते हा समज सप्टेंबर २००४ मध्येच मोडला. मुद्दाम बिघडवलेल्या जेपेग फाइलमधून विंडोजवर परका कोड चालवता येतो अशी त्रुटी तेव्हा मायक्रोसॉफ्टनं जाहीर केली. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं वाचणाऱ्या, असंख्य प्रोग्रॅममध्ये बसवलेल्या एका कोडमध्ये तसंच भगदाड सापडलं आणि ब्राउझरपासून सगळ्यांना घाईनं दुरुस्त्या कराव्या लागल्या. तेव्हा अनोळखी ठिकाणाहून आलेली चित्रं दहा वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणं शहाणपणाचं नाही, हे मान्य. परंतु यातून निघतं ते एवढंच की भगदाड बुजवलं पाहिजे. खिडकीचा रंग, बटणांच्या जागा, 'मूव्ह'चा पर्याय यांचा त्या भगदाडाशी काडीचा संबंध नसतो. दुरुस्ती आणि नवी सजावट एकाच गाठोड्यात बांधून दिली जाते हा विकण्याचा निर्णय आहे. आणि स्वतःच्या कॅमेऱ्यातल्या कार्डावरचे फोटो, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर उघडणाऱ्याला हा धोका किती, हेही सांगायला हवं: फारच थोडा.

नव्या कॅमेऱ्यांचं म्हणाल तर तिथं वाट आहे आणि ती ॲडोबीनंच बांधली आहे. २००४ मध्ये तिनं डीएनजी हा खुला प्रकार आणला. डीएनजी कन्व्हर्टर हा तिचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींचं असं रूपांतर करतो की जुनी लाइटरूमही त्या उघडू शकते. एक पायरी वाढते, एवढंच. पण 'कॅमेरा नवा घेतला, आता सॉफ्टवेअरही नवं घेतलंच पाहिजे' हे दुकानात ऐकवलं जाणारं वाक्य खरं नाही.

मागं जाताना काम बुडतं, हा आक्षेप अर्धा खरा आहे. मोठी आवृत्ती बदलताना लाइटरूम कॅटलॉगची नवी प्रत तयार करते आणि जुनी डिस्कवर तशीच ठेवते. पण नव्या प्रतीत केलेलं काम जुन्या आवृत्तीला उघडता येत नाही. सूचना फोटोशेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलींमध्ये लिहून ठेवल्या असतील तर जुनी आवृत्ती त्यांतलं बरंचसं वाचते. कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी त्यांत नसतात, आणि २०२१ पासून आलेल्या आपोआप विषय ओळखणाऱ्या मास्कसारख्या गोष्टी जुन्या आवृत्तीला कळण्याचा प्रश्नच नाही. पण हा दोष परतणाऱ्याच्या माथी का मारायचा? जायची वाट एका क्लिकची आणि यायची सरळ वाट नाहीच, ही रचना त्यानं केलेली नाही.

इतर कंपन्यांची कहाणी लांबवत नाही. ॲपलनं एप्रिल २०१५ मध्ये आयफोटो आणि ॲपर्चरच्या जागी 'फोटोज' आणलं. एक गोष्ट तिनं चांगली केली: जुनी लायब्ररी तशीच राहिली, आणि मूळ फाइली दोन्हीकडून वापरल्या जात असल्यानं डिस्कवर दुप्पट जागाही लागली नाही. एक वाईट केली: लोकांनी दिलेल्या ताऱ्यांचे नुसते कीवर्ड झाले. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ॲपर्चर चालेनासं झालं. गूगलनं पिकासाचा आधार मार्च २०१६ मध्ये काढला, पण संगणकावर बसलेला पिकासा चालत राहिला; तो अजून वापरणारे मला ठाऊक आहेत आणि ते सुखात आहेत. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० मध्ये जुना फोटो व्ह्यूअर दडवला, पुसला नाही. रजिस्ट्रीत चार नोंदी केल्या की तो पुन्हा दिसतो. पुढं तिनं आपलं 'फोटोज' ॲप नव्यानं लिहिलं तेव्हा जुनं 'फोटोज लेगसी' या नावानं स्वतःच्याच दुकानात ठेवलं. जुनं ठेवल्यानं कुणाचं आकाश कोसळलं नाही.

आपल्याकडच्या स्टुडिओंचं उदाहरण या संदर्भात नेहमी हसण्यावारी दिलं जातं. २००२ चं फोटोशॉप ७ महाराष्ट्रात लग्नाच्या अल्बमवर आणि फ्लेक्सवर कितीतरी वर्षं राज्य करत होतं. त्यातल्या बहुतेक प्रती विकत घेतलेल्या नव्हत्या, हे लपवण्यात अर्थ नाही आणि त्या चोरीचं समर्थन मी करत नाही. पण ते न सोडण्यामागं पैशाशिवाय दुसरंही कारण होतं. त्या काळच्या फोटोशॉपला युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवता येत नसत, म्हणून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या जुन्या सांकेतिक फॉन्टवर सगळं काम उभं होतं. वर्षानुवर्षांचे नमुने, कोरे साचे, टायपिंग येणारा माणूस, जेमतेम मेमरीचा संगणक, हे सगळं एकमेकांत अडकलेलं होतं. एक काढलं की चार हलणार. असा माणूस नव्याला नाही म्हणतो तेव्हा तो हिशेब करत असतो, आणि त्याचा हिशेब बाहेरच्या सल्लागारापेक्षा बहुधा बरोबर असतो.

शेवटचा आक्षेप कंपनीच्या बाजूचा: जुनं किती काळ सांभाळायचं? कायम नाही, हे उघड आहे. लाइटरूम ६ ही कायमच्या परवान्यावर मिळालेली शेवटची आवृत्ती; तिची अखेरची दुरुस्ती डिसेंबर २०१७ मध्ये आली, आणि नकाशाची सोय गूगलच्या सेवेवर चालत असल्यानं २०१८ च्या अखेरीस तीही बंद पडली. त्याबद्दल कंपनीला फार दोष देता येणार नाही. पण सांभाळू नका आणि अडवू नका, यांत फरक आहे. २००५ च्या क्रिएटिव्ह सूट २ (सीएस२) या संचाची परवाना तपासणारी यंत्रणा ॲडोबीनं बंद केली, तेव्हा ज्यांनी ते विकत घेतलं होतं त्यांच्यासाठी तपासणी न लागणारी प्रत तिनं उपलब्ध केली. तीच कंपनी मे २०१९ मध्ये वर्गणीदारांना पत्र लिहून कळवते की ठरावीक जुन्या आवृत्त्या वापरण्याची परवानगी आता तुम्हाला नाही, आणि त्या वापरत राहिलात तर तिसराच कुणी तुमच्यावर दावा करू शकेल. पहिलं वागणं सभ्य होतं, दुसरं नाही. दोन्हींच्या मधे विक्रीची पद्धत बदलली होती: आधी वस्तू विकली जायची, नंतर ती भाड्यानं मिळू लागली.

म्हणून नवी आवृत्ती घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की जुन्या कॅटलॉगची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक्सएमपी लिहून घ्या (ती सेटिंग मुळात बंद असते, ती तुम्हाला चालू करावी लागते), जुन्या आवृत्तीची इन्स्टॉलर फाइल जपा, आणि महिनाभर तरी नव्यात असं काही करू नका जे जुन्यात वाचता येणार नाही. आणि वर्गणी भरत असाल तर कंपनीला एक प्रश्न जरूर विचारा: जुन्या कॅटलॉगचा नवा करणारी आज्ञा तुमच्याकडे आहे, नव्याचा जुना करून देणारी अजून का नाही?