देवळाच्या चौकातून शाळेच्या स्टेजवर : पेडणे-डिचोलीतल्या मुलांचं नाटक आणि गाणं

पेडणे आणि डिचोली महालांतल्या हायस्कुलांच्या स्मरणिका मी गेली दहा-बारा वर्षं गोळा करतो आहे. रौप्यमहोत्सवी, सुवर्णमहोत्सवी, जी मिळेल ती. अध्यक्षांचं मनोगत, देणगीदारांची यादी, एस.एस.सी.च्या निकालाची टक्केवारी, क्रीडास्पर्धांच्या ढाली, सगळं त्यात असतं. नाटकाच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते : 'वार्षिक स्नेहसंमेलन उत्साहात साजरे झाले.' कुठलं नाटक केलं, पेटीवर कोण होतं, स्त्रीपार्ट कुणी केला, याचा पत्ता नाही. आणि गावातल्या साठी-सत्तरीच्या कुणालाही शाळेची आठवण विचारा, तो पहिल्यांदा नाटकाचीच सांगतो. निकालाची टक्केवारी मला आजवर एकानेही सांगितलेली नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. डिचोलीच्या खाणपट्ट्यात मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून नोकरी केली, 2012 साली खाणी बंद पडल्या आणि हातात वेळच वेळ आला. यंत्र उघडलं की कुठला भाग कुठून आलाय ते बघायची सवय होती. तीच सवय या विषयाला लावली. म्हणून या निबंधातला प्रश्न साधा आहे. शाळेतलं नाटक आलं कुठून, आणि येताना वाटेत काय गळलं?

आधी थोडा भूगोल. पेडणे, डिचोली, सत्तरी हे नव्या काबिजादीचे महाल. अठराव्या शतकाच्या शेवटी, 1780 च्या दशकात ते पोर्तुगिजांकडे आले. पेडणे तर 1788 मध्ये सावंतवाडीकरांच्या हातून गेलं. जुन्या काबिजादीत घडलं ते धर्मांतर इथे झालं नाही. देवळं राहिली, जत्रा राहिल्या, आणि जत्रांबरोबर काला राहिला. राज्य लिस्बनचं झालं तरी पेडणेकराची करमणूक तेरेखोलच्या पलीकडूनच येत होती. मोचेमाड, वालावल, आजगाव, चेंदवण अशा गावांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दशावतारी कंपन्या त्रिपुरी पौर्णिमेनंतर बाहेर पडत आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत गावोगावच्या जत्रा करत. पेट्या-पेटारे डोक्यावर घेऊन चालत यायचं, नदी होडीने ओलांडायची. 'रात्री राजा, सकाळी कपाळार बोजा' ही म्हण त्यांच्यावरूनच पडली.

शाळा म्हणावी तर शेणैमामाची. अक्षर, हिशेब, पाढे, मोडी. कुणाच्या ओसरीवर, नाहीतर देवळाच्या अग्रशाळेत ती भरे. मुली त्यात जवळजवळ नसतच. पोर्तुगालमध्ये 1910 साली प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंना संस्था काढायला थोडी मोकळीक मिळाली. पणजीचा मुष्टिफंड 1908 चा, तो त्याच्याही आधीचा. म्हापशा-पणजी-मडगावात मराठी आणि इंग्रजी शाळा उभ्या राहू लागल्या. पेडण्याच्या मुलाला मात्र पुढचं शिकायचं तर म्हापसा किंवा सावंतवाडी गाठावी लागे. माध्यमिक शाळा गावोगाव झाल्या त्या 1961 च्या मुक्तीनंतर.

मग तोवर मुलगा नाटक शिकला कुठे? देवळाच्या चौकात. भाद्रपदात चवथीच्या आरत्यांना घुमट आणि शामेळ वाजत. घरोघरी आरत्या करत फिरायचं, मोठे दमले की शामेळाच्या काठ्या पोरांच्या हातात येत. तालाची पहिली इयत्ता ती. (घुमटाला घोरपडीचं कातडं लागे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं वापरतात. 2019 मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला. जुने वाजवणारे आवाज बदलला म्हणून अजून कुरकुरतात. माझ्या कानाला फरक कळतो, पण तो कातड्याचा की माझ्या वयाचा, ते ठरवता येत नाही.) गौळणकाल्यात लहान मुलंच कृष्ण आणि गवळणी होत. आणि उत्सवाच्या दिवसांत गावकऱ्यांनी मिळून बसवलेलं संगीत नाटक होई.

हे उत्सवी नाटक नीट समजून घ्यायला हवं, कारण शाळेचं नाटक थेट त्याचं पोर आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 1880 चं, 'सौभद्र' त्यापाठोपाठचं. पुढे देवलांची 'शारदा', 'संशयकल्लोळ'. ही नाटकं कंपन्यांबरोबर गोव्यात आली आणि देवळांच्या उत्सवांत रुजली. पायपेटी, तबला, दर्शनी पडदा, विंगेत प्रॉम्प्टर, सगळा सरंजाम तोच. प्रत्येक नटाला त्याच्या भूमिकेपुरती संवादांची हाती लिहिलेली वही मिळे, तिला 'नक्कल' म्हणायचे. पूर्ण नाटकाचं पुस्तक एकच, ते तालीममास्तरांकडे. त्यामुळे पुष्कळांना आपलं नाटक नक्की कशावर आहे ते रंगीत तालमीलाच कळे, असं म्हातारे हसत सांगतात.

पण या रंगभूमीला मालक होता. देवस्थानं महाजनांची. पोर्तुगिजांनी 1933 च्या माजनी कायद्याने ती मालकी कागदावर पक्की केली. उत्सवाचा कुठला दिवस कुठल्या वांगडाचा, पालखीला खांदा कुणाचा, नाटकात राजा कुणाच्या घरचा, हे ठरलेलं. गाणं ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं त्या कलावंत घराण्यांतल्या बायका देवापुढे गात. नाटकात मात्र बाई उभी राहत नसे. मिसरूड न फुटलेला मुलगा लुगडं नेसून उभा राही. हिराबाई पेडणेकरांचं आडनाव याच पेडण्याचं. जन्म सावंतवाडीचा. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संगीत नाटकं लिहिली, 'दामिनी' ललितकलादर्शने रंगभूमीवर आणलं. पण ज्या काळात त्या लिहीत होत्या त्या काळात त्यांच्याच नाटकातल्या स्त्रिया पुरुष करत होते. आणि ज्यांना देवळाच्या पायरीच्या आत येऊ देत नसत, ते नाटक बघायचेच तर लांबून.

त्यात सालाझारची राजवट. छापील शब्दाला सेन्सॉर होता, लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. पौराणिक नाटकाला अडचण कमी, शिवाजीला जास्त. मग 1955 आला. पंधरा ऑगस्टला पत्रादेवीवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर सीमा जवळपास बंद झाली. पेडण्याचं सावंतवाडीशी असलेलं रोजचं येणं-जाणं तुटलं. सोयरीक, बाजार, शाळा, आणि पलीकडून येणाऱ्या कंपन्याही. माझा तर्क असा, की या सहा वर्षांत इथल्या गावांनी आपली नाटकं आपणच करण्याचा सराव वाढवला, आणि मुक्तीनंतर शाळा निघाल्या तेव्हा हाताशी तयार माणसं होती. तर्क म्हणूनच तो घ्यावा.

मुक्तीनंतर दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते मूळ पेडण्याचे, 1911 चा जन्म. त्यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा पोचल्या आणि पाठोपाठ खासगी संस्थांची हायस्कुलं आली. शिक्षक पुरत नव्हते, तेव्हा सिंधुदुर्गाकडून, कोल्हापूर-सांगलीकडून मास्तर आले. त्यांच्या ट्रंकेत एकांकिका होत्या. सुरुवातीच्या वर्गांत मुली थोड्या, आणि ज्या होत्या त्यांना घरचे स्टेजवर जाऊ देत नसत. त्यामुळे नावाला मुलामुलींची असली तरी नाटकापुरती ती मुलांचीच शाळा.

माझे वडील त्या पहिल्या तुकड्यांतले. संमेलनात 'सौभद्र'चे निवडक प्रवेश केले होते (शंभरावर पदं असलेलं अख्खं नाटक शाळा कुठून करणार), त्यात ते रुक्मिणी झाले. पडदे देवळाच्या उत्सव समितीचे, पेटी भजनी मंडळाची, पेट्रोमॅक्स दुकानदाराची, पेटीवाला तोच जो उत्सवात वाजवायचा. स्टेज म्हणजे वर्गातली बाकं आणि त्यांवर फळ्या. सामान सगळं देवळाचं होतं, एक गोष्ट सोडून. भूमिका वाटताना मास्तर बाहेरगावचे होते. वांगड कुठला, मान कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची त्यांना गरजही वाटली नाही. ज्याचा आवाज चढत होता त्याला त्यांनी कृष्ण केलं. तो मुलगा ज्या वाड्यावरचा होता, त्या वाड्यावरच्या माणसाला देवळाच्या चौकात कृष्णाचा मुकुट कधीच मिळाला नसता. वडील सांगायचे, गावात चार दिवस कुजबूज झाली. मग नाटक झालं, त्याला 'वन्समोअर' मिळाला, आणि कुजबूज थांबली. पुढच्या वर्षी देवळाच्या उत्सवात मात्र राजा पुन्हा ठरलेल्या घरचाच.

शाळेच्या स्टेजने केलेली ही गोष्ट मला फार मोठी वाटते. स्मरणिकेत तिला एक ओळही नाही, कारण लिहायची तर कोणाला काय मिळत नव्हतं तेही लिहावं लागतं.

दुसरी बाजू माझ्या स्वतःच्या शाळेतली, 1980 च्या दशकातली. शाळेचं नाव घेत नाही. आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील दशावतारी. जत्रांचा हंगाम आणि संमेलनाचे दिवस एकच, डिसेंबर-जानेवारी. हा रात्री वडिलांबरोबर जायचा, झांज वाजवायचा, कधी ऋद्धी-सिद्धींतली एक व्हायचा, आणि सकाळी तिसऱ्या बाकावर झोपायचा. त्यावरून रोज बोलणी खायचा. संमेलनात आम्ही शिवकालीन एकांकिका बसवली. मी सरदार, कारण माझं पाठांतर चोख आणि अक्षर चांगलं. नकला मीच उतरवून काढल्या होत्या. त्याला वाचन जमत नव्हतं, म्हणून भाला धरून उभं राहायचं काम.

प्रयोगात वीज गेली. आमच्याकडे ते नवल नव्हतं, कंदील आलेही, पण विंगेत प्रॉम्प्टरला वही दिसेना आणि मला पुढचं वाक्य आठवेना. माझं डोकं कोरं झालं. तेव्हा हा भालेवाला दोन पावलं पुढे आला आणि बोलू लागला. शत्रूची खबर आणल्यासारखं करून त्याने मला प्रश्न विचारला, मी 'हो' म्हणालो, त्यावर त्याने आणखी चार वाक्यं रचली, मधेच एक असा विनोद केला की बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसल्या. तो थेट संकासुराचा होता, आज कळतं. वीज येईपर्यंत, चांगली पाच-सात मिनिटं, त्याने नाटक एकट्याने धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याला बोलणी बसली : संहितेबाहेर का बोललास? उत्कृष्ट अभिनयाचं प्रमाणपत्र मला मिळालं. ते अजून फाईलमध्ये आहे.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते रंगायच्या वेळी ठरतं, जुना नट कथानक तोंडी सांगतो, पात्रं वाटून देतो, आणि मग गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर असा आड दशावतार झाला की पहाटेपर्यंत संवाद जागच्या जागी उभे राहतात. पेटी आणि मृदंगवाला नटाच्या शेवटच्या शब्दाकडे कान लावून असतो. या शिक्षणाला किती वर्षं लागतात ते बघा, आणि शाळेने त्याची नोंद 'वर्गात झोपतो' अशी केली. वाड्याची भिंत शाळेने पाडली, हे खरंच. पण कागदाची दुसरी उभी केली. ज्याला वाचता येतं त्याला भूमिका.

पुढे कला अकादमी आली, 1970 साली, आणि स्पर्धांमुळे गोव्यातल्या नाट्यवेडाला शिस्त लागली. भजनी स्पर्धांत बालकलाकारांचा गट आला. हे भलंच झालं. पण स्पर्धा म्हटली की संहिता आधी द्यावी लागते, वेळ मोजली जाते. शामेळाच्या काठ्या आणि तोंडी आख्यान शाळेच्या संमेलनात फारसे कधी शिरलेच नाहीत, आणि आता तर पेटीसुद्धा गेली. तयार ट्रॅकवर नाच चालतो. मी त्याला नावं ठेवत नाही, पोरं मजेत असतात.

तो वर्गमित्र दहावीपर्यंत पोचला नाही. तीन वर्षांपूर्वी एका जत्रेत रंगपटात भेटला, तोंडाला अर्धा रंग लावलेला. मी वही काढून प्रश्न विचारायला लागलो, कथानक कसं बांधता, किती पात्रं, कुणी सांगितलं. तो आरशातून बघत हसला.

"तुका अजून कागद लागता मरे," म्हणाला. "आमका गोष्ट लागता."

मग त्याने मुकुटाची दोरी माझ्या हातात दिली आणि मागे गाठ मारायला सांगितली. वडिलांची रुक्मिणीची नक्कल माझ्याकडे आहे, निळ्या शाईची, कडा खाल्लेल्या, अकरा पानं. अशा नकला तुमच्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालण्याआधी मंडळाला कळवा. आणि घरात कुणी जुना दशावतारी असेल तर आधी त्यांच्याकडे जाऊन बसा. माळ्यावरचा कागद आणखी चार पावसाळे थांबेल.