वर्गातला पाहुणा आणि परतीची वाट

लांबचा जाणकार पडद्यावरून वर्गात बोलवायचा, ही कोरोनाच्या काळातली गोष्ट असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तिची मुळं पन्नास वर्षं मागे जातात, आणि एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच मध्य प्रदेशात घडला. मी पेशाने इंजिनिअर. त्यामुळे हा इतिहास वाचताना मी एकच गोष्ट तपासत जातो : वर्गातल्या पोराचा आवाज पाहुण्यापर्यंत पोचत होता का?

सुरुवातीला नव्हता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर ‘साइट’ हा प्रयोग चालला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्हीचे कार्यक्रम पोचले. मध्य प्रदेशही त्यात होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटर व्यासाची अँटेना गावात उभी केली जाई. पण वाट एकेरी. पडद्यावरचा माणूस बोलणार, पोरं ऐकणार.

परतीची वाट झाबुआत उघडली. नोव्हेंबर १९९६ मध्ये इस्रोने तिथे विकास-संवाद प्रकल्प सुरू केला. १५० गावांत कार्यक्रम दिसत, आणि १२ ब्लॉक मुख्यालयांतून उलट बोलता येई. चित्र एका बाजूने, आवाज दोन्हीकडून. म्हणजे प्रश्न विचारायची सोय ब्लॉकपर्यंत आली, गावापर्यंत नाही. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठीचा एज्युसॅट सुटला. असा उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, म्हणजे प्रश्न गेल्यापासून उत्तर यायला निदान अर्धा. तेवढं थांबायची सवय नसली की दोघं एकदमच बोलू लागतात!

इंटरनेटने ही सोय थेट शाळेत आणली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी व्हिडिओ कॉलवरून वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं केलं. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

आता आपल्याकडचं पाहू. १९५६ पर्यंत रामाकोना, सौंसर, पांढुर्णा हा भाग नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ पासून राजधानी भोपाळ झाली, घरातली बोली मात्र मराठीच राहिली. नागपूर आजही भोपाळपेक्षा कितीतरी जवळ, पण शाळेच्या कारभाराचं तोंड दुसरीकडे. नागपूरचा एखादा अभ्यासक पडद्यावर येऊन आमच्या पोरांशी मराठीत बोलला, तर ती रेघ तासाभरापुरती तरी पुसली जाईल.

त्यासाठी पाहुण्याने पंधरा मिनिटं बोलावं आणि उरलेला तास पोरांना द्यावा. त्यांनी प्रश्न आदल्या दिवशी लिहून आणावेत, आपल्या बोलीत विचारावेत. नाहीतर पडदा नवा आणि वाट १९७५ चीच. शिवाय ते प्रश्न तारखेनिशी एका वहीत उतरवून ठेवावेत. पुढे आपल्या मंडळासारख्या कोणाला कळेल तरी, की या भागातली पोरं काय विचारत होती.