शेळी, कोंबडी आणि मधला कूड
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मराठवाड्यातल्या आमच्या घरी दिवेलागणीचा एक क्रम ठरलेला असे. आजी आधी कोंबड्या खुराड्यात कोंडायची, मग करडं डालग्याखाली झाकायची आणि शेवटी शेळी कुडापलीकडे बांधायची. शेळी काळीभोर, उस्मानाबादी. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. शेळीचं नाव मात्र तेच राहिलं.

हा क्रम एकदाच चुकला. मी तेव्हा सातवीत होतो. घरात लग्नाची गडबड होती आणि पिलांसाठी भरडलेला मका पाटीत उघडाच राहिला. शेळीनं दावं तोडून तो फस्त केला. सकाळी तिचं पोट टम्म फुगलं होतं, ती दात खात होती. दुपारपर्यंत ती गेली. माझी शाळेची फी तिच्या करडांवर भागायची. त्या वर्षी मी पुस्तकं उसनी आणून शिकलो.

पुढे कारण कळलं. शेळी रवंथ करणारी. तिचं पोट पाल्याला, कडब्याला सरावलेलं. भरडलेलं धान्य एकदम पोटात गेलं की ते झपाट्यानं आंबतं, आम्ल वाढतं आणि जनावर दगावतं. कोंबडीचं खाद्य शेळीचा जीव घेतं ते असं.

तरीही आपल्या माणसांनी ही दोन्ही एकाच अंगणात पाळली. शेळी ही अडीअडचणीची ठेव, तर कोंबडी ही हातातली मोड. शिवाय कोंबड्या लेंड्या उकरून माश्यांच्या अळ्या टिपतात, गोचीड वेचतात. सोबत फायद्याची होती.

रोगांच्या बाबतीतही ती बरीचशी निर्धोक वाटे. कोंबड्यांच्या मानमोडीला राणीखेत म्हणतात, कारण १९२७ मध्ये कुमाऊंतल्या राणीखेतला तिची नोंद झाली. आदल्याच वर्षी इंग्लंडातल्या न्यूकॅसलला आणि जावा बेटावरही हा रोग आढळला होता. मानमोडीत खुराडी ओस पडत. शेजारची शेळी मात्र पाला खात उभी असे. उलट, बुळकांडीसारखा दिसणारा शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर भारतात १९८७ मध्ये प्रथम तमिळनाडूत ओळखला गेला. त्यानं कोंबडी आजारी पडत नाही. ज्याचा रोग त्याच्यापाशी, ही समजूत त्यातूनच रुजली.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. मोठ्या शेडमधल्या कोंबड्यांबरोबर आसपासच्या घरांतल्याही मारून पुराव्या लागल्या. शेळीची भीती तेव्हा आमच्या कुणाच्या मनातही आली नाही.

ती आली मार्च २०२४ मध्ये, दूरच्या मिनेसोटाहून. अमेरिकेतल्या या राज्यात एका शेतावरच्या घरगुती पक्ष्यांना बर्ड फ्लू झाला होता. पुढे त्याच जागेत वावरणाऱ्या आणि तेच पाणी पिणाऱ्या लहान करडांमध्ये तो विषाणू सापडला. मोठ्या शेळ्यांच्या तपासणीत तो मिळाला नाही. रवंथ करणाऱ्या पाळीव जनावरात तो सापडण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ. त्याच महिन्यात तिथल्या दुभत्या गाईंमध्येही तो आढळला.

म्हणून शेळी किंवा कोंबडी विकून टाकावी, असं मी म्हणणार नाही. अनेक घरांचा खर्च अजून त्यांच्यावरच चालतो. अंगण एकच असू द्या, पण पाणी वेगळं ठेवा. कोंबड्यांना रात्री गव्हाणीवर बसू देऊ नका. त्यांची विष्ठा चाऱ्यात पडते. खाद्य झाकणाच्या पिंपात ठेवा. करडांची जागा कोरडी आणि कोंबड्यांपासून दूर असू द्या. पीपीआर, आंत्रविषार आणि मानमोडीच्या लसी वेळच्या वेळी टोचून घ्या. आणि कोंबड्या अचानक मरू लागल्या, तर त्या उकिरड्यावर न टाकता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मी आजही गावी गेलो की दिवेलागणीला अंगणात एक फेरी मारतो. आधी पिंपाचं झाकण बघतो, मग कुडाची कडी.