मैदान, मालक आणि गाव : विम्बल्डन फुटबॉल क्लबच्या स्थलांतराचा इतिहास

क्रीडासंस्थांचा इतिहास बहुधा विजय-पराजयांच्या कोष्टकांतून लिहिला जातो. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्या कोष्टकांपेक्षा वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. संस्थेचे अस्तित्व नेमके कशात असते? नोंदणीपुस्तकातील नावात, भागभांडवलाच्या मालकीत, की ज्या ठिकाणी व ज्या माणसांच्या सवयीत ती वाढली त्यांत? एरवी हा प्रश्न तात्त्विक वाटतो. परंतु संस्था विकली जाते आणि नवा मालक तिला दुसऱ्या गावी नेण्याचा विचार करू लागतो, तेव्हा तो एकदम व्यवहाराचा होतो. लंडनच्या नैर्ऋत्येकडील विम्बल्डन या उपनगरातील फुटबॉल क्लबच्या बाबतीत १९७९ पासून २००४ पर्यंत हा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झाला. इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात या प्रकरणाइतके त्याचे स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल.

१

इंग्लंडमधील जुने क्लब शाळा, चर्च, कारखाने व मोहल्ले यांतून जन्मास आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेळाला व्यावसायिक स्वरूप प्राप्त झाले आणि मैदानांवर पैसा गुंतवावा लागल्यामुळे त्यांतील अनेकांनी मर्यादित कंपन्यांचे रूप धारण केले. कायद्याच्या दृष्टीने क्लब तेव्हापासून भागधारकांची मालमत्ता ठरला. तथापि फुटबॉल असोसिएशनने भागधारकांच्या लाभांशावर मर्यादा घातली आणि संचालकांना वेतन घेण्यास मनाई केली. क्लब ही नफ्याची वस्तू नसून एक प्रकारची ठेव आहे, अशी धारणा या नियमांमागे होती. १९८३ मध्ये टॉटनहॅम क्लबने स्वतःवर एक धारक कंपनी उभी करून तिचे भाग शेअरबाजारात आणले, तेव्हा या निर्बंधांना वळसा घालण्याचा मार्ग सर्वांना दिसला.

स्थलांतराचे पूर्वोदाहरण याहून जुने आहे. १९१० मध्ये हेन्री नॉरिस यांनी वुलिच आर्सेनल हा डबघाईस आलेला क्लब ताब्यात घेतला आणि १९१३ मध्ये तो थेम्सच्या दक्षिणेकडील प्लमस्टेडहून उत्तर लंडनमधील हायबरी येथे नेला. शेजारच्या क्लबांनी त्यास विरोध केला, परंतु स्थलांतर थांबले नाही. हा बदल एकाच महानगराच्या अंतर्गत होता, हे मात्र विसरता येत नाही. एका गावाचा क्लब लीगमधील आपल्या जागेसह सर्वस्वी दुसऱ्या गावी जाणे ही गोष्ट इंग्लंडमध्ये त्यानंतरही जवळजवळ अकल्पनीय राहिली.

२

विम्बल्डन क्लबची स्थापना १८८९ मध्ये सेंट्रल स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी केली. आरंभीचे सामने विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर होत. १९१२ मध्ये क्लब प्लाऊ लेन येथील मैदानावर स्थिर झाला. पुढे दीर्घकाळ तो हौशी खेळाडूंचाच संघ होता व १९६३ मध्ये त्याने हौशी संघांचा राष्ट्रीय चषक जिंकला. १९७७ मध्ये त्याला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला. अवघ्या नऊ वर्षांत, १९८६ मध्ये, तो सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि १४ मे १९८८ रोजी वेम्ब्ले येथे लिव्हरपूलचा १–० असा पराभव करून त्याने एफ. ए. कप मिळवला.

या उत्कर्षाच्या आधीच पहिली शंकेची पाल चुकचुकली होती, ही गोष्ट सामान्यतः दुर्लक्षिली जाते. १९७६ मध्ये क्लब विकत घेणारे रॉन नोड्स यांनी १९७९ मध्ये मिल्टन कीन्स या नव्या नगराची चाचपणी केली व तेथील एक छोटा क्लबही ताब्यात घेतला. १९६७ मध्ये नियोजित नगर म्हणून जाहीर झालेले मिल्टन कीन्स लंडनच्या वायव्येस, विम्बल्डनपासून साठ मैलांच्या आत आहे. तेथे पुरेसे प्रेक्षक मिळतील असे न वाटल्यामुळे नोड्स यांनी तो विचार सोडला आणि १९८१ मध्ये क्लब सॅम हम्माम यांना विकला. पुढे जे घडले त्याची रूपरेषा मात्र या प्रसंगातच दिसून येते. क्लबचे लीगमधील स्थान ही गावापासून वेगळी करता येण्याजोगी संपत्ती आहे, हा विचार येथे प्रथम उघडपणे मांडला गेला.

३

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावर झालेल्या भीषण चेंगराचेंगरीनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. वरच्या श्रेणींतील मैदानांवर सर्व प्रेक्षकांसाठी आसने असावीत, अशी त्याची प्रमुख शिफारस होती. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती योग्यच होती. परंतु प्लाऊ लेनसारख्या लहान व जुन्या मैदानाला तिची पूर्तता करणे अवघड होते. १९९१ मध्ये क्लबने ते मैदान सोडले आणि क्रिस्टल पॅलेस क्लबच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून बस्तान हलवले. ही व्यवस्था तात्पुरती असल्याचे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ती बारा वर्षे टिकली.

परक्या मैदानावर प्रेक्षकसंख्या रोडावली. जानेवारी १९९३ मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या प्रीमियर लीग सामन्यास केवळ ३,०३९ लोक उपस्थित होते. नव्या मैदानासाठी मर्टन परगण्यात जागा मिळेना. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास हम्माम यांनी क्लब डब्लिनला नेण्याची कल्पना पुढे केली; आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या विरोधामुळे ती फळास आली नाही. १९९५ मध्ये पाठीराख्यांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली होती. १९९७ मध्ये क्येल इंगे रोक्के व ब्योर्न रुने येल्स्टेन या नॉर्वेच्या उद्योगपतींनी क्लबची मालकी घेतली आणि १९९८ मध्ये प्लाऊ लेनची जागा सेफवे या किराणा-विक्री कंपनीस विकण्यात आली.

या घटनाक्रमाचा अर्थ नीट लावला पाहिजे. मैदान आहे तोवर मालक कोणीही असला तरी क्लब त्या भूमीशी बांधलेला असतो. मैदान एकदा वेगळे झाले की क्लबजवळ उरते ते नाव, खेळाडूंचे करार आणि लीगमधील जागा. या तीनही गोष्टी उचलून नेता येतात. पाठीराख्यांना वाटणारी चिंता हा भावनेचा अतिरेक होता, असे मत त्या काळी काहींनी व्यक्त केले. वस्तुतः ती चिंता म्हणजे व्यवहाराचे अचूक निदान होते. स्थलांतराचा निर्णय २००२ मध्ये झाला हे खरे, पण स्थलांतर शक्य करणारी स्थिती १९९१ ते १९९८ या काळातच निर्माण झाली होती.

४

मे २००० मध्ये, चषकविजयाला बरोबर बारा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, संघ सर्वोच्च श्रेणीतून खाली घसरला. उत्पन्न घटले व तोटा वाढला. पुढील वर्षी चार्ल्स कॉपल अध्यक्ष झाले आणि २ ऑगस्ट २००१ रोजी क्लब मिल्टन कीन्सला नेण्याचा मनोदय जाहीर झाला. त्या नगरात पीट विंकलमन यांच्या पुढाकाराने एक संघ उभा राहिला होता. मोठ्या दुकानांच्या बांधकामाला जोडून स्टेडियम बांधावयाचे आणि त्यासाठी लीगमधील एखादा तयार क्लब आणावयाचा, अशी त्याची योजना होती.

फुटबॉल लीगच्या मंडळाने ऑगस्ट २००१ मध्येच ही मागणी फेटाळली. क्लबने दाद मागितली. लवादाने तो निर्णय योग्य रीतीने झाला नसल्याचे ठरवले आणि अखेरीस हे प्रकरण फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन सदस्यांच्या स्वतंत्र आयोगापुढे आले. २८ मे २००२ रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने स्थलांतरास अनुमती दिली.

आयोगापुढील मालकपक्षाचे म्हणणे सर्वथैव पोकळ होते असे म्हणता येणार नाही. क्लबजवळ स्वतःचे मैदान नव्हते, तोटा चालूच होता आणि परगण्यात पर्यायी जागा दृष्टिपथात नव्हती. उलट मिल्टन कीन्सची लोकसंख्या सुमारे दोन लाख असून तेथे लीगचा एकही क्लब नव्हता. क्लब बुडण्यापेक्षा हललेला बरा, असा हा युक्तिवाद होता. पाठीराख्यांचे उत्तर असे की, गावापासून तोडलेला क्लब वाचला असे म्हणणे हाच शब्दच्छल होय. वाचते ती कंपनी. त्याहीपेक्षा तळाच्या श्रेणीतून पुन्हा आरंभ करणे त्यांना मान्य होते. नेमक्या या पर्यायावर आयोगाने जी टिप्पणी केली ती पुढे प्रसिद्ध पावली. क्लब राखेतून नव्याने उभा करणे हे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असा तिचा आशय होता. इतिहासाने या मताची परीक्षा लवकरच घेतली.

५

निर्णयानंतर काही दिवसांतच पाठीराख्यांनी ए. एफ. सी. विम्बल्डन हा नवा क्लब स्थापन केला. जून २००२ च्या अखेरीस विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे मूळ संघ जेथे प्रथम खेळला त्याच माळावर, खेळाडूंची खुली निवडचाचणी झाली. १० जुलै रोजी सटन येथे झालेला पहिला सामना ०–४ असा हरला, तरी त्यास साडेचार हजारांहून अधिक प्रेक्षक होते. नवव्या पायरीवरील कम्बाइंड काउंटीज लीगमध्ये खेळणाऱ्या या संघाची पहिल्या हंगामातील सरासरी उपस्थिती, सात-आठ पायऱ्या वर असलेल्या मूळ संघाच्या उपस्थितीपेक्षा अधिक भरली. क्लबची मालकी पाठीराख्यांच्या न्यासाकडे ठेवण्यात आली. प्रत्येक सभासदास एकच मत.

मूळ क्लब जून २००३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला, सप्टेंबरमध्ये मिल्टन कीन्स येथील हॉकीच्या मैदानावर खेळू लागला आणि २००४ मध्ये त्याचे नाव मिल्टन कीन्स डॉन्स असे बदलण्यात आले. क्लब वाचविण्यासाठी म्हणून मान्य झालेले स्थलांतर त्याला दिवाळखोरीपासून वाचवू शकले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

नव्या क्लबने फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात लीगमधील सलग ७८ सामने अपराजित राहून खेळले. मे २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. त्याला नऊ हंगाम लागले. दरम्यान २००६ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार मिल्टन कीन्सच्या क्लबने विम्बल्डनच्या इतिहासावरील हक्क सोडला आणि २००७ मध्ये चषकाची प्रतिकृती व इतर स्मृतिचिन्हे मर्टन परगण्याच्या स्वाधीन झाली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी प्लाऊ लेनवरच, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, नव्या स्टेडियममधील पहिला सामना झाला. महासाथीच्या निर्बंधांमुळे त्या दिवशी प्रेक्षागार रिकामे होते. ज्यांनी रोख्यांच्या रूपाने पैसा उभा केला त्यांना तो क्षण दुरूनच पाहावा लागला.

या कथेला एक कमी उज्ज्वल बाजूही आहे. मधली सतरा-अठरा वर्षे हा क्लब किंग्स्टन येथील किंग्समेडो मैदानावर खेळला. ते मैदान मुळात किंग्स्टोनियन या जुन्या क्लबसाठी बांधलेले होते. त्या क्लबने ते आर्थिक अडचणीत आधीच गमावले होते व तो तेथे भाडेकरू झाला होता. नव्या स्टेडियमसाठी पैसा उभारताना किंग्समेडो चेल्सीला विकण्यात आले आणि २०१७ मध्ये किंग्स्टोनियनला तेथून बाहेर पडावे लागले. विस्थापितांच्या हातूनही विस्थापन घडू शकते, इतकी मैदानाच्या मालकीची शक्ती निर्णायक असते.

६

तुलनेसाठी दोन प्रकरणे उपयोगी पडतात. अमेरिकेत नोव्हेंबर १९९५ मध्ये क्लीव्हलंड ब्राऊन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मालकाने संघ बॉल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. शहराने लढा दिला आणि १९९६ च्या करारानुसार नाव, रंग व इतिहास क्लीव्हलंडकडे राहिले. १९९९ मध्ये तेथे नवा संघ आला. परंतु तो लीगच्या संमतीने आला. बंदिस्त लीगमध्ये तळापासून चढण्यासाठी शिडीच नसते. भारतातील अनुभवही याच जातीचा आहे. २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये बालेवाडीच्या मैदानावर खेळणारा एफ. सी. पुणे सिटी २०१९ मध्ये संपुष्टात आला व त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. त्याच वर्षी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशाचा झाला. पुण्यातील पाठीराख्यांपुढे विम्बल्डनचा मार्ग खुला नव्हता, कारण त्या वेळी त्या लीगमध्ये खालून वर येण्याची सोयच नव्हती. म्हणून विम्बल्डनच्या पाठीराख्यांच्या यशाचे श्रेय त्यांच्या निष्ठेइतकेच इंग्लिश फुटबॉलच्या खुल्या श्रेणीरचनेलाही दिले पाहिजे.

इंग्लंडमध्ये या प्रकरणाचा परिणाम दीर्घकाळ टिकला. २०२१ मध्ये ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील समीक्षेने मैदान, नाव, रंग व बोधचिन्ह यांना वारशाचे संरक्षण असावे अशी शिफारस केली आणि २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामकाची स्थापना करून मैदानाच्या विक्रीवर व स्थलांतरावर त्याचे नियंत्रण आणले. १९७९ मध्ये जी गोष्ट मालकाच्या एकट्याच्या विचाराची होती, ती सेहेचाळीस वर्षांनंतर सार्वजनिक कायद्याचा विषय झाली.

या सर्व विवेचनातून एक मर्यादित निष्कर्ष काढता येतो. संस्थेची मालकी आणि संस्थेचे सातत्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली विकता येते. दुसरी माणसांच्या एकत्र येण्यातून निर्माण होते आणि ती माणसे जेथे जातात तेथे जाते, किंवा जाण्याचे नाकारते. २००२ च्या आयोगाने पहिलीचा निवाडा केला. दुसरीचा निवाडा कॉमनवरील त्या माळाने केला. मिल्टन कीन्समध्येही आज एक पिढी त्या नगराच्या संघाला आपला मानून वाढली आहे आणि तिचा त्यात काही दोष नाही. तिचे गावही एक दिवस असाच प्रश्न विचारू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे विम्बल्डनच्या पाठीराख्यांनी उभा केलेला प्रश्न केवळ त्यांचा नव्हता, याची खात्री पटते.